इंदुरात निळी पॉपी मागणाऱ्यांसाठी

नवरात्र संपलं की माझ्या फाटकाशी मोबाईल पुढे धरून कुणी ना कुणी उभं राहतंच. पडद्यावर तेच फूल: आभाळी रंगाच्या पाकळ्या, मधोमध पिवळे केसर, मागे धुकं. "काकू, याची रोपं आहेत का?" सुदामा नगरात घरालगतच्या मोकळ्या पट्टीत आणि गच्चीवर मी हिवाळी फुलांची रोपं करते आणि विकते. म्हणजे नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं. तरी नाही म्हणते. ती निळी पॉपी इंदुरात होत नाही. कुंडीत नाही, हिरव्या जाळीखाली नाही आणि एसीच्या खोलीत तर मुळीच नाही.

मग मी उलट विचारते, त्या फुलात तुम्हाला नेमकं काय आवडलं? उत्तरं दोनच येतात. कागदासारखी पातळ, जरा वाऱ्याने हलणारी पाकळी, नाहीतर तो निळा. या दोन्ही गोष्टी इंदुरात फेब्रुवारीत एकाच वाफ्यात मिळू शकतात. एका फुलात मात्र मिळत नाहीत. पाकळी पॉपीची घ्यायची आणि निळा शेजारच्या झाडाचा. तो वाफा कसा करायचा ते सांगते. आधी 'का नाही' तेवढं उरकून घेऊ, कारण त्यात लोकांचे पैसे जातात.

ती इथे का होत नाही

निळ्या पॉपीचं कूळ मेकोनॉप्सिस. घर हिमालयात आणि त्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत. आपल्या देशात उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये आणि हेमकुंडाच्या वाटेवर जी दिसते ती मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटा, काटेरी अंगाची, तीन हजार मीटरच्या वर वाढणारी. भूतानचं राष्ट्रीय फूलही याच कुळातलं. बागांमध्ये गाजलेली जात तिबेटातली. बेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१३ मध्ये त्सांगपो नदीच्या खोऱ्यात तिचं फूल खुडून वहीत ठेवलं, १९२४ मध्ये किंग्डन-वॉर्ड या वनस्पती-शोधकाने तिचं बी जमवलं, आणि दोनच वर्षांत ती लंडनच्या प्रदर्शनात फुललेली होती. लंडनपेक्षाही तिला स्कॉटलंड जास्त मानवलं, कारण तिथला उन्हाळाच थंड.

तिला लागतं काय, तर आम्लधर्मी, पानांच्या कुजीची, सतत ओलसर पण पाणी न साचणारी माती. उन्हाळ्यातही गार रात्री. आणि हिवाळ्यात बर्फाखाली झोपायला काही महिने. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर. माती काळी, चिकण, अल्कधर्मी. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. त्यात ही पॉपी पहिल्या वर्षी सहसा फुलतच नाही, आधी पानांचा झुबका करून बसते. म्हणजे इंदूरचा निदान एक आख्खा उन्हाळा तिने काढायला हवा. तो ती काढत नाही. हिवाळ्यापुरती लावून फुलं घेऊ असं म्हणाल तर तेही त्यामुळे जमत नाही.

"एसीत ठेवली तर?" हाही प्रश्न ठरलेला. एसी हवा कोरडी करतो, खोलीत ऊन नसतं, आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तो चालवायचा. एवढं वीजबिल भरण्यापेक्षा जुलैअखेर किंवा ऑगस्टात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या तोंडाशी असलेल्या घांगरियाला जाऊन या. गोविंदघाटाच्या पुढे पुलना गावापर्यंत गाडी जाते, तिथून चालत किंवा खेचरावरून. ती दरी राष्ट्रीय उद्यान आहे. फूल तोडायचं नाही, बीही उचलायचं नाही.

इंटरनेटवर 'ब्लू पॉपी सीड्स' नावाची पाकिटं मिळतात ती घेऊ नका. फोटोतला निळा बहुतेक वेळा संगणकावर चढवलेला असतो. आणि चुकून बी खरं निघालं, तरी मेकोनॉप्सिसचं बी उष्ण जागी लवकर मरतं. गोदामात आणि कुरिअरच्या गाडीत पडून आलेलं पाकीट उगवायची आशा धरू नये.

मुलगी-जावई थंड मुलखात असलेल्या बऱ्याच आया माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवते. स्कॉटलंडसारख्या हवेत ही होते. बी मातीवर नुसतं पसरायचं, वर माती घालायची नाही, दहा ते पंधरा अंशांत उगवू द्यायचं. रोप अर्ध्या सावलीत, पानकुजीच्या मातीत लावायचं आणि माती कधीही सुकू द्यायची नाही. पहिल्यांदा फुलाचा दांडा येईल तो मन घट्ट करून छाटायचा, म्हणजे झाड बुडाशी फुटवे धरतं आणि पुढची काही वर्षं टिकतं. नाहीतर एकदाच फुलून मरण्याची भीती असते.

खसखस पेरू नका

हे सगळ्यांनी वाचायचं आहे, निळी हवी असो वा नसो.

आपल्या स्वयंपाकघरातली खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. अनारशावर लावतो तीच. मातीत पडली तर ती बऱ्याचदा उगवते, झाड देखणं होतं, फूल मोठं येतं. आणि तो गुन्हा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय अफूचं झाड लावता येत नाही. शोभेसाठी लावलं, दोनच लावली, माहीत नव्हतं, यातलं काहीही सबब म्हणून चालत नाही. आपल्या शेजारच्या मंदसौर-नीमच भागात मैलोन्‌मैल ही शेती दिसते, पण तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे ठरावीक क्षेत्राचा सरकारी परवाना असतो. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला आहे.

माझ्याकडे कामाला येणारा बद्री मंदसौरकडचा. एकदा एक ताई "पॉपीला कळ्या का येत नाहीत" म्हणून कुंडी घेऊन आल्या. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ये तो डोडा है." डोडा म्हणजे अफूचं बोंड. ताईंनी खसखस टाकली होती. कुंडी तिथेच रिकामी करवली.

ओळख सोपी आहे. अफूचं पान मोठं, राखट हिरवं, मेणचट, कोबीच्या पानाची आठवण करून देणारं, आणि खोडाला मिठी मारल्यासारखं चिकटलेलं. अंगावर लव जवळजवळ नसते. आपण जी शर्ली पॉपी लावणार आहोत तिचं पान फाटलेलं, कातरलेलं आणि खोडावर भरपूर लव. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

आणखी एक फसगत. परदेशी बियाण्यांच्या यादीत 'हंगेरियन ब्लू' नावाची पॉपी दिसते. नाव वाचून निळ्या फुलाची वाटते. तिचं बी निळसर, फूल जांभळट, आणि झाड अफूचंच. मागवू नका.

मग लावायचं काय

इंदुरात तीन पॉपी बिनघोर लावता येतात.

शर्ली पॉपी ही माझी पहिली पसंती. युरोपातल्या गव्हाच्या शेतात लाल तण म्हणून उगवणाऱ्या पॉपीपासून ती निघाली. लंडनजवळच्या शर्ली गावचे पाद्री विल्क्स यांना १८८० च्या सुमारास बागेच्या कोपऱ्यात एका फुलाच्या पाकळीला पांढरी किनार दिसली. त्यांनी त्याचं बी धरलं, दरवर्षी आवडती फुलं निवडत गेले आणि त्यातून गुलाबी, पांढरी, किनारवाली सगळी घराणी झाली. ही थेट पेरावी लागते, रोप लावून चालत नाही. एकेक फूल एक-दोन दिवसच टिकतं, पण झाड कळ्या काढत राहतं. आणि खऱ्या पॉपीत निळ्याच्या सगळ्यात जवळ जाणारी फुलं याच जातीत आहेत. 'मदर ऑफ पर्ल' किंवा 'अमेझिंग ग्रे' नावाचं बी मिळालं तर घ्या. पावसाळी ढगाचा, करडा-जांभळट रंग. फोटोतल्यासारखा आभाळी नाही, आधीच सांगते.

आइसलँड पॉपीची पानं सगळी जमिनीलगत, मधून बिनपानांचे लवदार दांडे आणि त्यावर पिवळी, नारिंगी, पांढरी, फिकट गुलाबी फुलं. रोपं करून लावता येते, म्हणून नर्सरीत 'पॉपी' म्हणून मिळते ती बहुधा हीच. कुंडीला उत्तम. थंड देशांत ती वर्षानुवर्षं जगते, आपल्याकडे उन्हाळा लागला की संपते. हिवाळ्यापुरतंच झाड समजून लावायची.

कॅलिफोर्निया पॉपी ही दूरची बहीण. बडीशेपेसारखं बारीक, निळसर पान, नारिंगी फूल. भुरभुरीत, हलक्या मातीतही येते, खत मागत नाही, आणि बाकीच्या माना टाकतात तेव्हाही मार्चअखेरपर्यंत उभी असते. ढग आले की आणि संध्याकाळी फूल मिटून घेते. संध्याकाळी घरी येणाऱ्या नोकरदार माणसाने ही लावून काय पाहायचं, हा प्रश्न आहे, शनिवार-रविवारपुरती लावावी.

पॉपीच्या कुळातली चौथी कुणीही न लावता येते. बायपासच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर दिसणारा पिवळा धोत्रा, ज्याला इथे सत्यानाशी म्हणतात, तो याच कुळातला. याचं बी मोहरीत मिसळलं तर तेल विषारी होतं. दिसला तर हातमोजे घालून उपटा.

निळा कुठून आणायचा

इथे मला थोडं रमू द्या, कारण हिवाळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं झाड येतंय: कॉर्नफ्लॉवर.

हेही युरोपातल्या गव्हातलं तण. शर्ली पॉपीच्या पूर्वजांसोबत एकाच शेतात वाढलेलं, म्हणून दोघांची हवा, पाणी, पेरणी सगळं जुळतं. त्याचा निळा पक्का असतो, जांभळ्याकडे झुकणारा नाही. आणि गंमत अशी की लाल गुलाबात जे मूळ रंगद्रव्य आहे तेच कॉर्नफ्लॉवरमध्ये आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्स्टेटर यांनी शंभर वर्षांपूर्वी हे दाखवलं होतं. मग एक लाल आणि एक निळं कसं? कॉर्नफ्लॉवरच्या पाकळीत त्या रंगद्रव्याचे कण लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमभोवती एका ठरावीक रचनेत गुंफलेले असतात आणि त्या गुंफणीमुळे रंग निळा होतो. हिमालयातल्या निळ्या पॉपीतही लाल रंगाकडचं रंगद्रव्य लोह आणि मॅग्नेशियमच्या संगतीनेच निळं झालेलं असतं. म्हणजे मोबाईलवर पाहिलेला निळा आणि तुमच्या वाफ्यातला निळा एकाच युक्तीने तयार होतात.

हे वाचून कुंडीत गंजके खिळे पुरू नका. पॉपीचा किंवा कॉर्नफ्लॉवरचा रंग खताने बदलत नाही. तो बियातच ठरतो. मातीप्रमाणे रंग बदलतो तो हायड्रेंजियाचा.

कॉर्नफ्लॉवरखेरीज नायजेला लावा. आपल्या कलौंजीची ही सख्खी बहीण, धाग्यांसारख्या पानांच्या जाळीत बसलेलं फिकट निळं फूल. लार्कस्पर उंच, निळे-जांभळे तुरे. पण याचं बी आणि झाड विषारी असतं, घरात रांगतं मूल असेल तर टाळा. इंदुरात लार्कस्परच्या बियांना उगवायला गारवा कमी पडतो, म्हणून पेरण्याआधी आठ-दहा दिवस पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं.

माती

मालव्याची काळी माती कापसाला आणि सोयाबीनला सोन्यासारखी, पॉपीला नाही. ओली झाली की घट्ट चिकटते, सुकली की भेगाळते, आणि भेग पडताना पॉपीचं एकुलतं सोटमूळ तुटतं. म्हणून नुसत्या काळ्या मातीत पेरायचं नाही.

वाफा जमिनीपासून वीतभर उंच करायचा. एक भाग काळी माती, एक भाग बांधकामाची जाडसर रेती चाळून आणि धुऊन, अर्धा भाग चांगलं कुजलेलं खत. माती फारच चिकण असेल तर मुठी-दोन मुठी बारीक मुरूम. वरचा चार बोटांचा थर चाळणीने चाळून घ्यायचा, कारण बी फार बारीक असतं आणि ढेकळाखाली गेलं तर उगवत नाही. वाफ्याला दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन हवं; दुपारनंतर सावली आली तर हरकत नाही.

खताबद्दल इंदूरकराने दुसरीकडे बघायची गरज नाही. कंपोस्ट करण्याची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते ती याच शहरात बसली. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक होते. होळकर संस्थानाने दिलेली ती जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. त्यांचे सहकारी यशवंत वाड, आपलेच मराठी. दोघांनी मिळून १९३१ मध्ये ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. मर्म साधं आहे: पालापाचोळा, त्यावर शेण, त्यावर गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख, असे थर, ओल राखायची, तीन वेळा उलथायचं, साधारण तीन महिन्यांत खत तयार. घरी गोठा नसतो, तेव्हा ओला कचरा, वाळका पाला आणि दोन-चार घमेली शेण एवढ्यावरही काम होतं. जुलैअखेर ढीग घातला तर पेरणीपर्यंत खत कुजतं. कचरा वेगळा करायची सवय या शहराला आता लागलेलीच आहे, त्यातला थोडा गाडीत न टाकता घरी ठेवायचा एवढंच.

मात्र खत जास्त नको. पॉपीला भरपूर खाऊ घातलं की ती पानावर जाते, दांडा पोचट होतो, आणि पहिल्या वाऱ्याला आडवी. युरिया तर अजिबात नाही. गच्चीवर कुंडीत लावणार असाल तर शर्लीला किमान बारा इंच खोल कुंडी, आइसलँडला आठ इंच पुरे.

पेरणी

दिवाळी कधी मागे कधी पुढे, म्हणून तिथीपेक्षा रात्रीच्या हवेवर चाला. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायला लागलं की पेरायचं. तारीखच हवी तर २५ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर. त्याआधी माती गरम असते, बी निजून राहतं. डिसेंबरात पेरलं तर झाड छोटं राहतं आणि फुलायला येईतो फाल्गुनातलं ऊन लागतं. कॅलिफोर्निया पॉपी याला थोडा अपवाद, तिला उशीर चालतो. आइसलँड पॉपीचं बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रेमध्ये, घरातल्या सगळ्यात गार सावलीत टाकावं लागतं. ते काम नाजूक आहे, त्यापेक्षा नोव्हेंबरअखेर तयार रोपं घ्या. घेताना कळीवर आलेलं रोप घेऊ नका, पाच-सहा पानांचं घ्या. मी विकते म्हणून सांगत नाही, इतर ठिकाणी घेतानाही हेच पाहा.

शर्लीचं बी चिमटीत घेतलं की शेकडो येतात. तसंच टाकलं तर एका जागी गवतासारखं उगवतं आणि सगळंच खुरटतं. चहाचा पाव चमचा बी वाटीभर कोरड्या बारीक रेतीत नीट मिसळायचं आणि रांगोळीसारखं चिमटीतून सोडत जायचं. रेतीमुळे कुठे पडलं तेही दिसतं. वर माती घालायची नाही. तळहाताने किंवा सपाट फळीने हलकं दाबायचं, बस्स. उजेड लागला तर ते चांगलं उगवतं.

कॉर्नफ्लॉवरचं उलट. त्याला अंधार लागतो. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, वर माती, चार-चार बोटांवर एक. नायजेला आणि लार्कस्परही मातीने झाकायचे, पण पातळ. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कॉर्नफ्लॉवर पेरून माती सपाट करा, मग त्याच वाफ्यात पॉपीची रेती सोडा.

उगवेपर्यंत माती कोरडी पडू द्यायची नाही आणि पाण्याची धारही पडू द्यायची नाही. धार पडली की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. बारीक भोकांची झारी किंवा फवारा, सकाळी एकदा, गरज वाटली तर संध्याकाळी. चिमण्या आणि मुंग्या दोन्हींचा डोळा या वाफ्यावर असतो. वरून नायलॉनची जाळी ताणायची आणि कडेने लाकडाची राख टाकायची. दहा ते पंधरा दिवसांत हिरव्या केसांसारखे कोंब दिसतात. इतके बारीक की पुष्कळजण "काहीच उगवलं नाही" म्हणून वाफा खणून टाकतात. चष्मा लावून बघा.

विरळणी आणि पुढे

चार पानं आली की विरळणी. हे काम कुणालाच आवडत नाही. उगवलेलं कापायचं म्हणजे जिवावर येतं, पण दोन शर्लींमध्ये वीतभर अंतर नसेल तर एकही धड फुलत नाही. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. लहान कात्रीने जमिनीलगत कापा. कापलेली दुसरीकडे लावायचा मोह नको, ती जगत नाहीत. कॉर्नफ्लॉवरही वीतभर अंतरावर आणा.

विरळणीनंतर पाणी कमी करत जायचं. बोट मातीत घालून पाहा, पहिलं पेर कोरडं लागलं तरच द्या. सकाळीच द्या आणि पानांवर नको. रात्रभर पानं ओली राहिली की भुरी (पांढरी बुरशी) धरते आणि बुडाशी सड होते.

डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडतो. शेतकरी त्याची वाट पाहतो, पॉपीवाला नाही. लागून दोन दिवस पडला तर वाफ्याच्या कडेला चर काढून पाणी वाहू द्या, कुंड्या भिंतीशी ओढून घ्या, आणि ऊन पडल्यावर पिवळी पडलेली खालची पानं काढून टाका. त्यानंतरच्या आठवड्यात पाणी द्यायचंच नाही.

कळ्या येतात तेव्हा माना खाली घातलेल्या असतात. "काकू, कळ्या सुकल्या" म्हणून फोन येतात. सुकलेल्या नाहीत, पॉपीची कळी खालीच बघते आणि फुलायच्या आदल्या दिवशी मान सरळ करते. याच सुमारास कोवळ्या दांड्यांवर काळा मावा जमतो. पहिल्यांदा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, नाही गेला तर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. पॉपीत मध नसतो, परागकण मात्र भरपूर, आणि मधमाश्या ते न्यायला सकाळी सकाळीच येतात.

वाऱ्याने झाडं लवंडत असतील तर तुराट्या खोचून सुतळी बांधा. बांबूच्या जाड काठ्या या झाडांना शोभत नाहीत.

फुलं जानेवारीअखेरपासून. पाकळ्या गळाल्या की मागचं बोंड रोज खुडायचं; बोंड भरू दिलं की झाड समजतं काम झालं, आणि कळ्या थांबतात. घरात फुलदाणीत ठेवायची तर आइसलँड पॉपी घ्या. कळी जेमतेम फुटून रंग दिसायला लागला की भल्या सकाळी कापा आणि दांड्याचं टोक गॅसच्या ज्योतीवर दहा-पंधरा सेकंद धरा. चीक आतच राहतो आणि फूल चार-पाच दिवस उभं राहतं. शर्ली फुलदाणीत ठेवू नका, दुपारपर्यंत टेबलावर पाकळ्याच पाकळ्या.

रंगांचं ज्याचं त्याने ठरवावं. तरी विचारलंत म्हणून: लाल शर्ली, निळं कॉर्नफ्लॉवर आणि पिवळी आइसलँड एकाच वाफ्यात केली की लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. मला दोनच रंग आवडतात. एकतर नारिंगी कॅलिफोर्नियाच्या मागे निळं कॉर्नफ्लॉवर, नाहीतर करड्या-गुलाबी शर्लीत फिकट निळी नायजेला. कॉर्नफ्लॉवर कमरेला लागतो, त्याला नेहमी मागे, पण उत्तर बाजूला ठेवा, म्हणजे पुढच्यांवर सावली पडत नाही. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं हे बाग आखताना हमखास विसरलं जातं.

बी धरणं

फेब्रुवारीअखेर बोंडं खुडणं थांबवा. जी फुलं आवडली त्यांच्या दांड्याला रंगीत दोरा बांधा आणि नको असलेली झाडं फुललेली दिसताक्षणी काढून टाका, नाहीतर मधमाश्या सगळ्यांचा परागकण सगळीकडे नेतात आणि दोन-तीन वर्षांत वाफा पुन्हा सरसकट लाल होतो. बोंड तपकिरी झालं, हलवल्यावर खुळखुळलं आणि टोपीखाली बारीक खिडक्या उघडल्या की कापून कागदी पिशवीत उलटं टाकायचं. कॅलिफोर्नियाची शेंग लांबट असते आणि वाळली की फटकन फुटते, तिला पूर्ण वाळायच्या आधीच काढा. कॉर्नफ्लॉवरचं बी वाळक्या फुलाच्या आत, छोट्या पांढऱ्या कुंचल्यासारखं.

सावलीत आठवडाभर वाळवून कागदाच्या पुडीत, नाव आणि वर्ष घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजमध्ये. आपला मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा, दोन्ही बियांचे वैरी.

मार्चअखेर वाफा मोकळा होतो. सगळं उपटून ढिगावर टाका, भुरी धरलेलं मात्र नको. तिथे पावसाळ्यात निळाच हवा असेल तर जूनमध्ये गोकर्ण लावा. बी दगडावर जरा घासून रात्रभर पाण्यात भिजवलं की चार-सहा दिवसांत उगवतो. जवळपास केना आपोआप उगवेल, त्याचंही फूल निळं, आणि कोवळ्या पानांची भजी होतात. दसऱ्यानंतर गोकर्णाचा वेल मुळापासून कापा आणि मांडव काढा. माती आठ-दहा दिवस उघडी तापू द्या आणि मग खत मिसळायला घ्या.